क्लचची मोकळीक

इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष नेहमी इंजिनाकडे असते. वाफेचे इंजिन, तेलाचे इंजिन, विजेची मोटार यांच्या शोधकथा शाळेच्या पुस्तकांतही सापडतात. पण इंजिनाची शक्ती चाकापर्यंत जाते कशी, आणि हवी तेव्हा जायची थांबते कशी, या प्रश्नाला कोणी फारसा मान देत नाही. मोटारसायकलच्या डाव्या मुठीजवळचा दांडा दाबला की गाडी सुटते आणि हळूच सोडला की गाडी धरते, एवढे ज्ञान बहुतेकांना असते. त्यापलीकडचे ज्ञान असते ते मिस्त्रीला. त्या क्लचचा आणि त्या मिस्त्रीचा थोडासा इतिहास मला येथे सांगायचा आहे; आणि तो सांगण्यासाठी मी रायगड जिल्ह्यातले गडब हे गाव निवडले आहे.

गडब हे पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा हमरस्त्यावरचे गाव. वडखळचा नाका सोडून नागोठण्याकडे निघाले की थोड्याच वेळात ते लागते. एका अंगाला खारभूमी आणि तिच्यापलीकडे अंबा नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधून हा रस्ता. येथे मोटारसायकलचा कारखाना कधी निघाला नाही की कसला शोध लागला नाही. परंतु यंत्राचा इतिहास केवळ कारखान्यात घडत नाही. कारखान्यातून बाहेर पडल्यावर ते तीस-चाळीस वर्षे ज्या रस्त्यांवर धावते, जेथे बिघडते आणि जेथे दुरुस्त होते, तेथेही त्याचा इतिहास घडतच असतो. फरक इतकाच, की तेथे तो कोणी लिहून ठेवत नाही. या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली, तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर बसून फटफट्या उघडणारी जी माणसे मी वर्षानुवर्षे पाहत आलो, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कुठल्या ग्रंथात यायचे नाही.

मुळात क्लच हवाच कशाला, येथून सुरुवात करू. बैल जागच्या जागी उभा राहून जोर लावू शकतो. आगगाडीचे वाफेचे इंजिनही स्थिर अवस्थेतून एकदम ओझे ओढू शकते. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. ते आधी फिरत असले पाहिजे, मगच त्याच्यात जोर येतो; फेरे एका मर्यादेखाली गेले की ते गप्पकन बंद पडते. म्हणजे इंजिन फिरते आहे पण चाक थांबलेले आहे, अशी एक अवस्था गाडीला हवीच, आणि त्या दोघांची गाठ धक्का न बसता घालून देणारा कोणी तरी मध्यस्थही हवा. तो मध्यस्थ म्हणजे क्लच.

पहिल्या मोटारसायकलींना हा मध्यस्थ नव्हता. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी जी गाडी विक्रीसाठी काढली, तिच्या इंजिनाचे दांडे आगगाडीसारखे थेट मागच्या चाकालाच जोडलेले होते. गाडी ढकलत धावायचे, इंजिन पेटले की उडी मारून बसायचे, आणि थांबायचे तर इंजिनासकट थांबायचे! पुढे चामड्याच्या पट्ट्याने चाक फिरवणाऱ्या गाड्या आल्या. त्यांचीही रीत बरीचशी हीच होती. बाजारात समोर गाय आडवी आली की स्वाराने उतरायचे, आणि गाय गेली की पुन्हा धावायचे. सपाटीवर हे एक वेळ चालून जाई. चढावर धावत गाडी ढकलणे आणि वर उडी मारणे हे पहिलवानाचे काम होते.

म्हणूनच मला क्लच हे चढणीचे अपत्य वाटते. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये आयल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तेथे १९०७ पासून मोटारसायकलींच्या प्रसिद्ध शर्यती होत. पहिली चार वर्षे शर्यतीचा मार्ग तुलनेने सोपा होता. १९११ मध्ये तो स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या सुमारे ६० किलोमीटरच्या मार्गावर नेला, आणि एका गिअरच्या, पट्ट्याच्या गाड्यांची परीक्षा झाली. त्या वर्षीच्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेतल्या ‘इंडियन’ गाड्यांनी पटकावले. त्यांना चेन होती आणि दोन गती असलेला गिअर होता. इंग्लंडच्या ट्रायम्फ कारखान्यानेही त्याच सुमारास मागच्या चाकाच्या तुंब्यातच क्लच बसवलेली गाडी विकायला काढली. चाक थांबवूनही इंजिन चालू ठेवता येते, या गोष्टीचे त्या काळी इतके अप्रूप होते, की अशा गाडीला ‘मोकळ्या इंजिनाची’ गाडी म्हणत.

गाडीत बसेल इतका लहान, पण जोर पेलेल इतका समर्थ क्लच करायचा कसा, हा पुढचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभी हेली-शॉ नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने त्यावर चांगला तोडगा काढला. एकच मोठी चकती घेण्याऐवजी अनेक लहान चकत्या एकावर एक रचायच्या. एकाआड एक चकती इंजिनाच्या बाजूला जोडायची, उरलेल्या चाकाच्या बाजूला, आणि साऱ्या चळतीला स्प्रिंगांनी दाबून धरायचे. दाब तोच राहतो, पण घासणारी पृष्ठे जितकी वाढवावीत तितकी पकड वाढते. एका पत्राऐवजी शंभर पत्रे एकमेकांत गुंतवून ओढली तर ती सुटत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. फटफटीचा क्लच आजही बहुधा याच तत्त्वावर चालतो.

चकत्यांवर अस्तर कशाचे लावायचे, याचाही एक इतिहास आहे. त्यात हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाचे नाव येते. इंग्लंडच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर चाकाला जुना बूट अडकवून गाडी आवरतात, हे पाहून त्याला घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ मध्ये त्याने धंदा सुरू केला, तोच पुढे ‘फेरोडो’ या नावाने जगभर गेला. येथेही मुळाशी डोंगरच आहे. क्लचच्या चकत्यांना कधी बुचाच्या झाडाची साल, म्हणजे कॉर्क, लावीत, तर कधी तंतूंचे दाबलेले अस्तर. त्या तंतूंत पुष्कळ वर्षे ॲस्बेस्टॉस असे. त्याविषयी पुढे बोलू.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर लष्कराला सीमेवर गस्तीसाठी भक्कम मोटारसायकली हव्या होत्या, आणि निवड झाली ती रेडिचच्या रॉयल एनफील्ड कंपनीच्या ३५० सीसीच्या बुलेटची. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट तयार होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावा कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि चेकोस्लोव्हाकियाची जावा येथे बनू लागली. तीच पुढे १९७३ पासून येझदी झाली. पोलंडच्या नमुन्यावर बेतलेली राजदूत त्याच काळातली. मुंबईजवळ भांडुपला लँब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची व्हेस्पा, अशा स्कूटरीही आल्या. साठच्या दशकात ज्या गाड्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतले रस्ते पाहिले, त्या बहुतेक याच.

रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७० मध्ये इंग्लंडातले उत्पादनच थांबले. मद्रासची बुलेट मात्र थांबली नाही. इतकेच नव्हे, तर १९७७ पासून ती उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. मायदेशी जे यंत्र जुने म्हणून संपले, ते येथे टिकले. का टिकले? कारखान्याने ते बनवणे चालू ठेवले, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे, की त्या काळी नवी गाडी मिळणे सोपे नव्हते. परवान्यांच्या राज्यात गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सुटे भागही सुखासुखी मिळत नसत. म्हणून गाडी टाकायची नसते, ती चालवत ठेवायची असते, असा एक व्यवहारधर्मच तयार झाला. त्या धर्माचे पुरोहित म्हणजे हे मिस्त्री.

त्यांची विद्या नेमकी कोणती, हे सांगायला बुलेटचाच क्लच घेऊ. या गाडीत इंजिनाकडून आलेली चेन डाव्या अंगाच्या बंद पेटीत क्लचचा डबा फिरवते. डब्यात चकत्यांची चळत तेलात भिजत असते. वर स्प्रिंगांनी दाबलेली एक प्लेट असते. मुठीचा दांडा ओढला की वायर ताणली जाते. ती उजव्या बाजूला, गिअरपेटीच्या अंगाचा एक छोटा लिव्हर हलवते, आणि तो लिव्हर पोकळ दांड्यातून आरपार गेलेली एक सळई ढकलतो. सळई त्या प्लेटला स्प्रिंगांच्या विरुद्ध उचलते, चकत्या सैल पडतात आणि गाडी सुटते. डाव्या हाताची बोटे, उजवीकडचा लिव्हर आणि पुन्हा डावीकडचा क्लच, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. वाटेत कोठेही थोडी गडबड झाली की क्लच आजारी पडतो.

आजार दोनच. एक, क्लच धरत नाही. इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर तर हे लगेच कळते, आणि जळकट वासही येतो. दुसरा, क्लच सोडत नाही. दांडा मुठीपर्यंत दाबला तरी गाडी पुढे सरकू पाहते, गिअर टाकताना कडकड वाजते, आणि गाडी उभी असताना न्यूट्रल म्हणून सापडत नाही. बुलेटच्या जुन्या गिअरपेटीला टाचेने दाबून कोणत्याही वरच्या गिअरातून थेट न्यूट्रलवर येण्यासाठी एक वेगळा छोटा लिव्हरच दिलेला असे. न्यूट्रल शोधणे हे कष्टाचे काम आहे, याची ती कारखान्याने दिलेली कबुलीच म्हणायची.

या दोन्ही आजारांचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असते: मोकळीक. दांड्याला सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरची रिकामी हालचाल हवी. तिला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. प्ले मुळीच नसेल, तर सळई प्लेटला सतत किंचित उचलून धरते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब चकत्यांवर पडत नाही, त्या घसरतात आणि जळतात. प्ले फार असेल, तर दांड्याची सारी धाव रिकामी जाते आणि प्लेट पुरती उचलली जात नाही. यातली खरी गंमत पुढेच आहे. वायर जुनी होऊन ताणली की प्ले वाढतो. पण चकत्या झिजल्या की प्ले कमी होतो. कारण चळत बारीक झाली की प्लेट आत सरकते आणि सळईला मागे रेटते. झीज झाली म्हणजे ढिलाई आली, असे आपल्याला वाटते. येथे झीज घट्टपणा आणते. ज्याला हे ठाऊक नाही तो वायर आवळत बसतो आणि नव्या चकत्यांचीही राख करतो.

गडबच्या एका गॅरेजात मी हा धडा दिला जात असताना ऐकला आहे. बारा-चौदा वर्षांचा भाचा वायरचा नट फिरवण्याच्या बेतात होता.

“मामा, वायर आवळू?”

“थांब. आधी ती पुरती सैल सोड. आता पेटीचं झाकण काढ. आत स्क्रू आहे बघ, त्याचा चेकनट ढिला कर. स्क्रू हळू आत घे. टेकला?”

“टेकला.”

“आता थोडा मागं घे. स्क्रू तसाच धरून चेकनट आवळ. त्याच्यासंगं स्क्रू फिरता कामा नये. झालं? आता वायर जुळव.”

“किती?”

“बोटाला विचार की. मला काय विचारतोस?”

कारखान्याच्या पुस्तकातही हाच क्रम असतो: आधी पेटीपाशी, मग मुठीपाशी. पण ते पुस्तक इंग्रजीत असते, आणि रस्त्याकाठच्या गॅरेजात ते बहुधा नसतेच. तेव्हा मामाकडून भाच्याकडे, उस्तादाकडून पोऱ्याकडे ही विद्या आली ती बोटांतून. तिने स्वतःची भाषाही घडवली. चेकनट, प्ले, क्लचवायर हे शब्द बाहेरून आले खरे. परंतु क्लच ‘धरतो’, ‘सोडतो’, ‘चिकटतो’, ‘बसला’, ही क्रियापदे आपली आहेत. बैलाने जू धरावे, गाईने दूध सोडावे, तसाच क्लच धरतो आणि सोडतो. परक्या यंत्राला आपल्या क्रियापदांत बसवणे हे भाषांतराचेच काम आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती.

मोकळीक जुळवूनही दुखणे राहिले, तर निदान पुढे जाते. सकाळी थंड गाडीच्या चकत्या तेलाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. म्हणून जाणता स्वार इंजिन चालू करण्यापूर्वी दांडा दाबून एक-दोन किका मारतो आणि त्या सुट्या करतो. तेवढ्याने भागले नाही, तर चेनची पेटी उघडायची. दांडा दाबून किक हलकेच फिरवायची आणि वरची प्लेट सरळ उचलते की वाकडी, ते पाहायचे. वाकडी उचलत असेल, तर ज्या बाजूला ती अधिक उठते त्या बाजूच्या स्प्रिंगचा स्क्रू थोडा आवळायचा. पोलादी चकती काचेवर ठेवून ती वाकली आहे का ते तपासायचे. डब्याच्या खाचांना चकत्यांच्या दातांनी खड्डे पाडले असतील, तर चकत्या त्यांत अडकतात. ते कानशीने सपाट करायचे. पेटीत भलतेच दाट वा निसरडे तेल ओतलेले असेल, तर दोष क्लचचा नसतोच. जावा-येझदीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात पायाने गिअरचा लिव्हर हलवताच क्लच आपोआप सुटे. म्हणून हाताची आणि पायाची, अशा दोन मोकळिका एकमेकींशी जुळवाव्या लागत.

या रस्त्याने क्लचला काम पुष्कळ दिले. पूर्वी मुंबईहून कोकणात जाणारा माणूस बोटीने धरमतरला किंवा रेवसला उतरे आणि पुढे गाडीने जाई. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला आणि मुंबईची वाहने सरळ या रस्त्याने येऊ लागली. उत्तरेला कर्नाळ्याची खिंड, नागोठण्यापुढे सुकेळीची, आणि दूर दक्षिणेला पोलादपूर-खेडमधला कशेडी घाट. गडब स्वतः सपाटीवर आहे, पण घाट उतरून आलेली वा घाटाच्या वाटेला लागलेली गाडी याच सपाटीवर आपले दुखणे बोलून दाखवते. खाडीवरचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस वायरीला गंज चढवतात. तिचे तार एकेक करून तुटत जातात. २०११ मध्ये पनवेल ते इंदापूर रस्ता रुंद करण्याचे काम निघाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. गणपतीत मुंबईहून गावी निघालेली माणसे, मागे बायको, पुढे टाकीवर मूल, अशी खड्ड्यांतून तासन्‌तास रांगत जात. अशा वेळी क्लच ना धड धरलेला, ना धड सोडलेला. अर्ध्या क्लचवर चाललेली गाडी म्हणजे चकत्यांना लावलेली सहाणच. रस्त्याचा हा विलंब सरकारी कागदांत तारखांनी मोजला जाईल. रस्त्याकाठच्या गॅरेजात तो जळालेल्या क्लचप्लेटांनी मोजला गेला.

या विद्येची एक किंमतही होती, आणि ती सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, हे मी वर म्हटले. उष्णता सोसणारे आणि स्वस्त, म्हणून ते आवडते झाले. पण त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात, आणि वीस-तीस वर्षांनीही कर्करोग वा श्वासाचा असाध्य विकार उपजवू शकतात, हे आज निर्विवाद आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याचा वापर पुरता बंद केला. तेलात भिजलेल्या क्लचपेक्षा ब्रेकच्या कोरड्या अस्तराची धूळ अधिक घातक. पण गॅरेजात दोन्ही कामे एकच माणूस करी. ड्रम उघडायचा, तोंडाने फुंकर मारायची आणि अस्तर पॉलिशकागदावर घासायचे. तोंडावर फडकेसुद्धा नसे. ज्यांनी आपल्या गाड्या तीस-तीस वर्षे चालत्या ठेवल्या, त्यांच्यापैकी कोणाच्या श्वासाचे काय झाले, याची नोंद त्या गॅरेजांत कोणी ठेवली नाही.

आता क्लचचेच दिवस सरत आले आहेत. १९७२ च्या लुनाला हाताने दाबायचा क्लच नव्हता. फेरे वाढले की तिचा क्लच आपणच धरी. १९८४ च्या कायनेटिक होंडाने स्कूटरवाल्याच्या डाव्या हाताला तशीच सुट्टी दिली. विजेच्या गाडीला तर क्लच लागतच नाही, कारण विजेची मोटार बैलासारखी जागच्या जागी जोर लावू शकते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेट्रोलच्या इंजिनाने जी अडचण उभी केली, ती इंजिनाबरोबरच निघून जाईल. त्याबद्दल हळहळण्याचे मला काही कारण दिसत नाही. डाव्या मनगटाला आराम मिळत असेल, हवा स्वच्छ राहत असेल, आणि कोणा पोऱ्याला धूळ फुंकावी लागणार नसेल, तर ते चांगलेच आहे.

मात्र एक गोष्ट आपण करायला हवी, आणि ती लवकर करायला हवी. किल्ल्यांची, देवळांची, घराण्यांची बखर आपण गोळा केली. बुलेट आणि जावा उघडणाऱ्या पहिल्या पिढीतले मिस्त्री आज वृद्ध झाले आहेत. त्यांपैकी जे आहेत, त्यांच्या शेजारी बसून त्यांचे शब्द, त्यांच्या युक्त्या आणि त्यांची दुखणी कोणी तरी लिहून घेतली पाहिजेत. पेणच्या, रोह्याच्या, महाडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या दोन-चार मुलांनी मनावर घेतले, तर एका सुट्टीत हे काम मार्गी लागेल. रेडिचच्या कारखान्याची कागदपत्रे जपणारे लोक इंग्लंडात आहेत. गडबच्या रस्त्याकाठी जी विद्या बोटांत राहिली, तिला कागद अजून मिळालेला नाही.